ऑनलाइन एमएसएन, तेही अमेरिकेतल्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीतून: जळगावात बसून करावं का?

सातपुडा_सिस्टर

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी जळगावला एका खासगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूला स्टाफ नर्स आहे, माहेर यावल तालुक्यातलं. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन अकरा वर्षं झाली, मधे पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची डिग्री) केलं, आता मास्टर्स करायचं फार मनात आहे पण दोन वर्षं नोकरी सोडून कॉलेजला जायचं म्हणजे घर कसं चालायचं, मिस्टर एमआयडीसीत, पोरगी दुसरीत, सासूबाईंना शुगर आणि गुडघे, माझा पगार थांबला की घराच्या लोनचा हप्ता थांबलाच समजा.

तर मागच्या आठवड्यात मोबाईलवर जाहिरात आली, घरबसल्या अमेरिकेतल्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीतून मास्टर ऑफ सायन्स इन नर्सिंग, म्हणजे एमएसएन. नंबर टाकला तर अर्ध्या तासात फोन. तो माणूस म्हणाला दीड वर्षाचा कोर्स, नोकरी करता करता होतो, इंग्रजीची परीक्षा नको, झालं की इथं नर्सिंग कॉलेजला असिस्टंट प्रोफेसर होता येतं आणि तिकडं जायचं असेल तर व्हिसाही त्याच डिग्रीवर मिळतो. ७५,००० पहिला हप्ता, महिनाअखेरपर्यंत भरा म्हणजे सीट पक्की.

नाईटला पेशंट जरा शांत झाले की मी त्याच विचारात असते. खरंच असं होतं का? इथं कोणी केलंय का? आणि एक विचारायचंय, कोणी वाईट वाटून घेऊ नका, ख्रिश्चन युनिव्हर्सिटी म्हणजे आत नेमकं काय असतं? आमच्या घरी कानबाई, आमची खान्देशची देवी, बसते, सासूबाईंनी ऐकल्यापासून त्यांना काळजी लागलीय की धर्म बदलायला लावतील. मला तसं वाटत नाही पण त्यांना सांगायला माझ्याकडे नीट उत्तर नाही.

पांझराकाठ

माले बी हाऊच फोन उना व्हता ताई, दोन दिन मांगे लागेल व्हता. पैसा भरू नका, पहिले चौकशी करा. मी धुळ्याला आहे, आमच्या वॉर्डातल्या तिघींना असेच फोन आलेत. सीट पक्की करायची घाई जो करतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

निवृत्त_ट्यूटर

बाळा, आधी शांतपणे हे वाच, मग पैशाचं बघू. मी छत्तीस वर्षं नर्सिंग शिकवलं, त्यातली निम्मी धुळे-जळगाव पट्ट्यात.

आपल्याकडे नर्सिंगच्या शिक्षणाचा दर्जा ठरवते इंडियन नर्सिंग कौन्सिल, १९४७ च्या कायद्याने. आणि कौन्सिलची भूमिका स्पष्ट आहे की एमएस्सी नर्सिंग हे नियमित, कॉलेजात हजर राहून, क्लिनिकल पोस्टिंग करून व्हायला हवं, दूरस्थ पद्धतीचं पदव्युत्तर नर्सिंग ते मानत नाहीत. यूजीसीच्या २०२० च्या दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या नियमांतही नर्सिंग हा विषय ऑनलाइन शिकवायला बंदी असलेल्या यादीत आहे, मेडिकल, डेंटल, फार्मसी यांच्या सोबत. म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीलाच जे करता येत नाही ते परदेशी युनिव्हर्सिटीच्या नावानं इथं बसून केलं तर कौन्सिल ते कशाला मानेल? असिस्टंट प्रोफेसरच्या जागेला पात्रता बघतात ती कौन्सिलने मान्य केलेल्या एमएस्सीची. तो फोनवरचा माणूस हे तुला सांगणार नाही, कदाचित त्यालाही माहीत नसेल.

पण तुझा गोंधळ होणं अगदी साहजिक आहे. आमच्या काळी इग्नूचं पोस्ट बेसिक बीएस्सी होतं आणि त्याला कौन्सिलची मान्यता होती, कितीतरी सिस्टर्स नोकरी करून त्याच वाटेनं बीएस्सी झाल्या, माझ्याच हाताखालच्या दहा-बारा असतील. त्यामुळे घराघरात समज बसला की नर्सिंग दूरस्थ होतं. तिथंही संपर्क वर्ग आणि वॉर्डातलं प्रॅक्टिकल कंपल्सरी होतं हे लोक विसरतात.

त्या माणसाला तीन गोष्टी लेखी विचार. युनिव्हर्सिटीचं नाव आणि तिच्या नर्सिंग प्रोग्रॅमला तिकडची कोणती मान्यता आहे, भारतात राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्या प्रोग्रॅमला प्रवेश आहे असं युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या ईमेलवरून पत्र, आणि क्लिनिकलचे तास जळगावात कुठे, कोणाच्या देखरेखीखाली होणार. फोनवर नको, लेखीच माग.

गिरणामाय

मॅडमनी सांगितलं ते दोन वर्षांपूर्वी मला कोणी सांगितलं असतं तर माझे १,१०,००० वाचले असते. मी चाळीसगावची. माझ्याकडून असेच तीन हप्ते घेतले, एक लॉगिन दिलं, त्यात पीडीएफ आणि काही व्हिडिओ, दर आठवड्याला पाच प्रश्नांची टेस्ट. सहा महिन्यांनी मी क्लिनिकलचं विचारलं तर म्हणे तुमच्या हॉस्पिटलचं अनुभवपत्र जोडा, तेच क्लिनिकल. तेव्हा कुठं माझ्या मनात पाल चुकचुकली. एका ओळखीच्या मॅडमनी अमेरिकेच्या मान्यतेच्या यादीत बघून दिलं तर त्या नावाची युनिव्हर्सिटीच नव्हती. नाव मात्र असं ठेवलं होतं की ऐकताच मोठं मिशनचं काहीतरी वाटावं.

मंगळसूत्रातले मणी सोडून बाकी होतं ते गहाण ठेवलं होतं मी. आईला अजून सांगितलेलं नाही. म्हणून लिहितेय, जाहिरातीतल्या चर्चच्या फोटोवर जाऊ नका, आपल्याकडे मिशन म्हटलं की लोकांना भरवसा वाटतो आणि तोच भरवसा हे लोक विकतात.

नवापूरचा_ब्रदर

ताई, गिरणामाय ताई, वाचून फार वाईट वाटलं. पोलिसात आणि ग्राहक आयोगात तक्रार दिली नसेल तर अजून द्या, पेमेंटच्या पावत्या आणि व्हॉट्सॅपचे मेसेज जपून ठेवा.

मी नवापूर तालुक्यातला, मावची आदिवासी, आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिश्चन आहे, आणि मी स्वतः स्टाफ नर्स आहे, लोक ब्रदर म्हणतात. सातपुडा ताईंनी सासूबाईंचं विचारलंय त्यावर मीच लिहितो. आमच्याकडे सुरत-भुसावळ लाईनवर चिंचपाडा लागतं, तिथलं ख्रिश्चन हॉस्पिटल सगळ्या पट्ट्याला माहीत आहे, माझी आजी तिथंच बाळंत झाली. सकाळी प्रार्थना होते, ज्याला बसायचं तो बसतो, मग दिवसभर ओपीडी, साप चावलेले, अडलेल्या बाया, टीबी, पेशंट कुठल्या देवाचा आहे हे कोणी विचारत नाही. धडगाव-मोलगीकडचे लोक त्यांची भाकरी बांधून येतात आणि बरे होऊन जातात.

नर्सिंग आणि चर्चचं नातं तर या शिक्षणाइतकंच जुनं आहे. फ्लॉरेन्स नाईटिंगेल १८५१ मध्ये जर्मनीत कैझरस्वर्थला शिकायला गेल्या ती एका पाद्र्याने चालवलेली सेविकांची संस्था होती. आपल्याकडे वेल्लोरला मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर यांनी १९०९ मध्ये नर्सिंग स्कूल सुरू केलं, १९४६ मध्ये तिथं बीएस्सी नर्सिंग आलं. मिरजेचं वॉनलेस मिशन हॉस्पिटल तर महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या सिस्टर्सचं माहेर. तेव्हा ख्रिश्चन संस्थेत शिकलं म्हणून धर्म बदलला असं असतं तर निम्म्या महाराष्ट्राच्या मेट्रन ख्रिश्चन झाल्या असत्या, हे सासूबाईंना सांगा. माझ्या बॅचला तर सगळ्या गावच्या, सगळ्या जातीच्या मुली होत्या.

अमेरिकेतलं मात्र मला प्रत्यक्ष माहीत नाही, ते तिकडचं कोणी सांगेल.

शिरपूर_सीएचओ

मला थोडं वेगळं वाटतं. मी उपकेंद्राला सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, माझ्याकडे तर आयसीयूसुद्धा नाही, बीपी-शुगर, गरोदर माता, लसीकरण, रोजचे रिपोर्ट यातच दिवस जातो. मला शिकायचंय, नोकरीसाठी नाही, डोकं चालू राहावं म्हणून. खरीखुरी मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटी असेल आणि आपल्याला परवडत असेल तर इथं कौन्सिल मानो न मानो, शिकायला काय हरकत आहे? प्रत्येक गोष्ट प्रमोशनसाठीच करायची का?

निवृत्त_ट्यूटर

हरकत काहीच नाही. शिकण्याची ओढ आहे त्याबद्दल मला तुझं कौतुकच आहे. पण शिकायचंच असेल तर फुकट किंवा हजार-दोन हजारात चांगले कोर्स आहेत. लोन काढून, सोनं ठेवून, इथं लावता न येणारी डिग्री घ्यायची आणि नंतर कॉलेजच्या दारातून परत यायचं, हे मी मुलींच्या चेहऱ्यावर बघितलंय. शिकणं वेगळं आणि पात्रता वेगळी. पात्रता म्हणून विकत असेल तर पात्रतेचेच प्रश्न विचारायचे.

भुसावळकर_टेक्सास

ताई लोकहो, उशिरा लिहितेय, तीन दिवस सलग बारा तासांच्या शिफ्ट होत्या. मी भुसावळची, वडील रेल्वेत होते, कॉलनीतच वाढले. आता टेक्सासला आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे आणि योगायोग असा की मी सध्या ऑनलाइन एमएसएनच करतेय, तेही ख्रिश्चन युनिव्हर्सिटीतून. नाव लिहीत नाही, जाहिरात नको. त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत, जरा लांबण लागेल.

पहिलं म्हणजे हे कोर्स खोटे नाहीत. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी ऑनलाइन एमएसएन ही अगदी सर्रास गोष्ट आहे आणि त्यात ख्रिश्चन युनिव्हर्सिट्या खूप आहेत. फीनिक्सची ग्रँड कॅनियन, १९४९ ला बॅप्टिस्ट कॉलेज म्हणून सुरू झालेली, व्हर्जिनियात लिंचबर्गची लिबर्टी, १९७१ ची, इंडियाना वेस्लियन, अशा बऱ्याच. बघायचं ते नर्सिंग प्रोग्रॅमला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या तिकडच्या संस्थांची मान्यता आहे का. दोघांच्याही वेबसाईटवर यादी असते, पाच मिनिटांचं काम. गिरणामाय ताईंना जे मिळालं ते या यादीत बसूच शकत नाही.

पण प्रवेशाची पहिली अट काय असते माहीत आहे का? अमेरिकेतल्या राज्याचं चालू, कुठलाही डाग नसलेलं आरएन लायसन्स. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिथं चालत नाही. म्हणजे हा कोर्स आधीच तिथं नर्स असलेल्यांसाठी बांधलेला आहे. शिवाय युनिव्हर्सिटीला राज्याराज्यांचे परवानगीचे नियम पाळावे लागतात, काही राज्यांतल्या विद्यार्थ्यांना तर त्या घेतच नाहीत, मग जळगावचं काय घेऊन बसलात.

दुसरं, ऑनलाइन म्हणजे सगळं लॅपटॉपवर असं अजिबात नाही. थिअरी ऑनलाइन, हात लावायचं काम माणसांतच. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (स्वतः पेशंट तपासून उपचार करणारी नर्स) करायचं तर नव्या नियमांप्रमाणे निदान ७५० तास प्रत्यक्ष पेशंट बघायचे, प्रिसेप्टरच्या, म्हणजे हाताखाली घेऊन शिकवणाऱ्या अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली. मी नर्सिंग एज्युकेशन हा विषय घेतलाय, मलाही प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष कामाचे तास) आहेच, आणि प्रिसेप्टर बहुतेक वेळा आपला आपणच शोधावा लागतो, मी दोन महिने ईमेल करत होते, चौदा जणांनी नाही म्हटलं. आमच्या फ्लोअरच्या एज्युकेटरनी शेवटी हो म्हटलं तेव्हा पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

आणि ते व्हिसाचं तर धादांत खोटं आहे. पूर्ण ऑनलाइन कोर्सवर एफ-१ स्टुडंट व्हिसा मिळतच नाही, कारण तो व्हिसा वर्गात हजर राहण्यासाठीच असतो. नर्स म्हणून यायचं तर वाट वेगळी: कागदपत्रांची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, एनक्लेक्स-आरएन ही तिथली लायसन्सची परीक्षा, मग एम्प्लॉयर, व्हिसास्क्रीन (परदेशी नर्सेसना लागणारं प्रमाणपत्र), आणि भारतीयांसाठी ग्रीनकार्डची लांबच लांब रांग. एनक्लेक्स ही परीक्षा भारतातही देता येते. त्याला एमएसएन लागत नाही, तुमचं जीएनएम आणि पोस्ट बेसिक कसं धरतात ते त्या त्या राज्याचं बोर्ड ठरवतं.

आता अभ्यासाचं. माझे ३६ क्रेडिट आहेत, एका वेळी एक विषय, आठ आठवड्यांचा. बुधवारी रात्रीपर्यंत चर्चेच्या प्रश्नावर पहिली पोस्ट, रविवारपर्यंत दोघांना उत्तरं, प्रत्येक वाक्याला संदर्भ, आणि एपीए सातवी आवृत्ती, म्हणजे संदर्भ लिहायची ठरलेली पद्धत. स्वल्पविराम चुकला तरी मार्क जातात. पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं), फार्मा म्हणजे फार्माकॉलॉजी (औषधांचा अभ्यास) आणि असेसमेंट (पेशंटची तपासणी) हे तीन विषय अंगावर येतात. मी नाईट करून सकाळी आठला घरी येते, पोरांना शाळेत सोडते, चार तास झोपते आणि मग बसते. पहिल्या पेपरला सरांनी लिहिलं होतं की तुम्ही वॉर्डातलं सांगता छान पण पुरावा कुठे आहे. तेव्हा राग आला होता. नंतर कळलं की आपण वीस वर्षं जे "असंच करतात" म्हणून करतो ते कुठल्या अभ्यासावर उभं आहे हे शोधायची सवयच नव्हती मला. युरिन कॅथेटर किती दिवस ठेवायचा, रोज गरज तपासायची की नाही, एवढ्या साध्या प्रश्नावर मी तीस पेपर वाचले आणि आता राउंडला डॉक्टरांना विचारते, हा आज काढायचा का? ते ऐकतात. माझ्यासाठी डिग्रीची किंमत तिथंच वसूल झाली. पैशाचं म्हणाल तर हॉस्पिटल वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत देतं, तेवढी रक्कम टॅक्समधून माफ असते, त्यामुळे मी मुद्दाम सावकाश करतेय.

आणि सासूबाईंचा प्रश्न, तो मला सगळ्यात आवडला. आमच्या विषयांमध्ये श्रद्धेचा धागा असतो. एथिक्सच्या विषयात विचारतात की माणसाची किंमत कशावरून ठरते, दुःखाकडे तुम्ही कसे बघता, बायबलमधला उतारा देतात आणि त्यावर लिहायला सांगतात. काही युनिव्हर्सिट्यांमध्ये वागणुकीचे नियम असतात, एखाद्या ठिकाणी श्रद्धेच्या निवेदनावर सहीही मागतात, ते प्रवेशाआधी वाचून घ्यायचं. माझ्याकडे तसं काही मागितलं नाही. एका असाइनमेंटमध्ये मरणाच्या दारातल्या पेशंटची आध्यात्मिक गरज कशी ओळखाल असा प्रश्न होता. मी माझ्या आजीबद्दल लिहिलं. भुसावळच्या घरी, शेवटच्या दोन दिवसांत तिच्या तोंडात तुळशीचं पान आणि तापीचं पाणी घातलं होतं, गिळता येत नव्हतं तरी ओठ हलवत होती. मी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि ठसका लागेल म्हणून आईवर ओरडले होते. आज वाटतं की एक थेंब ओठाला लावायचा असतो, ते कसं करायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. हे सगळं लिहिलं. माझे प्रोफेसर पाद्री आहेत, त्यांनी खाली लिहिलं की तुमच्या आजीसाठी मी आज प्रार्थना केली. ख्रिश्चन व्हा असं कोणी म्हटलं नाही. उलट कुठल्याच वर्गात मला माझ्या घरच्या देवाबद्दल एवढं मोकळं लिहिता आलं नव्हतं.

नवापूरचा_ब्रदर

ताई, आजीचं वाचून गळा भरून आला. आमच्याकडे शेवटच्या वेळी ओठाला पाणी लावतात आणि गाणं म्हणतात. थेंब लावायचं तेवढंच, सारखंच आहे.

गिरणामाय

टेक्सासताई, एक विचारू का, मला पुन्हा हिंमत होत नाहीये पण एनक्लेक्ससाठी वयाची अट असते का? मी एकोणचाळीसची आहे.

भुसावळकर_टेक्सास

वयाची अट नाही. माझ्यासोबत दिलेल्या एक केरळच्या ताई सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. एप्रिल २०२३ पासून प्रश्नांची पद्धत बदललीय, आता केस देतात आणि त्यावर पुढचा-पुढचा निर्णय विचारतात, त्यामुळे घोकून होत नाही, वॉर्डात डोळे उघडे ठेवून काम केलेल्यांना उलट सोपं जातं. कुठल्याही एजंटला पैसे देऊ नका, अर्ज आपला आपण भरता येतो. अडलं तर मला मेसेज करा.

पांझराकाठ

मॅडम, मग इथं राहूनच मास्टर्स करायचं तर सातपुडा ताईंनी काय करावं? तेही सांगा, नाही म्हणणं सोपं असतं.

निवृत्त_ट्यूटर

बरोबर विचारलंस. नियमित एमएस्सी नर्सिंग दोन वर्षांचं, आपल्याकडे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं. बीएस्सी किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. पोस्ट बेसिक असेल तर तो अनुभव आधीचा असला तरी धरतात, तेव्हा तुझी अकरा वर्षं वाया नाहीत. तू आयसीयूची आहेस म्हणजे मेडिकल सर्जिकल घे, त्यात क्रिटिकल केअर करता येतं.

आणि एक वाट लोकांना फारशी माहीत नाही. कौन्सिलनेच नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर असा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स काढलाय. त्यात वर्गापेक्षा आयसीयूतलं काम जास्त असतं, तुझ्यासारखीसाठीच आहे तो. खान्देशात मिळेलच असं मी म्हणत नाही, कौन्सिलच्या साईटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, दरवर्षी बदलते, प्रवेशाच्या वर्षीचीच बघायची. जाहिरातीतल्या "मान्यताप्राप्त" या शब्दावर विसंबू नकोस, यादीत नाव डोळ्यांनी बघ.

पैशाचं खरं आहे, पगार थांबतो. माझ्या विद्यार्थिनी शनिवार-रविवार नाईट करून, शिष्यवृत्ती घेऊन, माहेरी पोरं ठेवून शिकल्यात. सोपं होतं असं कोणतीच म्हणणार नाही. एकीने तर पहिल्या वर्षी पोरीला रावेरला आजीकडे ठेवलं होतं आणि दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीने जायची. ती आज कॉलेजची प्राचार्य आहे.

शिरपूर_सीएचओ

मॅडम, तुमचं पटलं. मी रागाने लिहिलं नव्हतं, उपकेंद्राला एकटं पडल्यासारखं होतं म्हणून लिहिलं होतं. ते स्वस्तातले कोर्स कुठले, जमलं तर सांगा.

निवृत्त_ट्यूटर

सांगते, मेसेज करते. आणि एकटी पडू नकोस, दर पंधरवड्याला मला एक केस लिहून पाठव, मी वाचून उत्तर देईन. मला आता वेळच वेळ आहे.

सातपुडा_सिस्टर

सगळ्यांचे आभार कसे मानू. नऊ दिवसांनी लिहितेय, मधे दोन व्हेंटिलेटरचे पेशंट होते आणि पोरीला ताप.

मॅडमचे तिन्ही प्रश्न मी त्या माणसाला जसेच्या तसे व्हॉट्सॅपवर टाकले. पहिल्या दिवशी म्हणाला उद्या पाठवतो, दुसऱ्या दिवशी म्हणाला मॅडम तुम्ही फार विचार करता, संधी हातची जाईल, तिसऱ्या दिवसापासून फोनच उचलत नाही. टेक्सासताईंनी सांगितलेल्या दोन्ही याद्यांत मिस्टरांनी आणि मी रात्री बसून नाव शोधलं, नाही सापडलं. मिस्टर गप्प बसले होते. मग म्हणाले ७५,००० तर भरायचेच होते ना, ते कॉलेजच्या पहिल्या फीसाठी बाजूला ठेव. मला बोलता येईना.

सासूबाईंना ब्रदरचं मिरज-वेल्लोरचं वाचून दाखवलं, आजीचं वाचून दाखवलं तेव्हा त्या पदराने डोळे पुसत होत्या. मग म्हणाल्या, कॉलेज कोणाचंही असो, कानबाईच्या दिवसाला तेवढी सुट्टी मागून घे आणि पोरीचं मी बघेन, माझे गुडघे काही शाळा सुटायच्या वेळेपर्यंत चालायला नाही म्हणणार नाहीत.

इन्चार्ज सिस्टरशी बोलले, त्या म्हणाल्या प्रवेश मिळाला तर वीकेंडच्या नाईट देते, पूर्ण सोडू नको. पोस्ट बेसिकची मार्कशीट काढली, ६१ टक्के आहेत. मेडिकल सर्जिकलसाठी तयारी सुरू केलीय, पण फार्माकॉलॉजी अकरा वर्षांत पार पुसून गेलंय, रोज हाताने इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) लावते आणि ते शरीरात जिथं काम करतं त्या रिसेप्टरचं नाव विचारलं तर सांगता येत नाही.

भुसावळकर_टेक्सास

अगं फार्माच्या माझ्या सगळ्या नोट्स आहेत, मराठीत समजावून सांगेन. माझी शनिवारची रात्र म्हणजे तुझी रविवारची सकाळ, साडेसातला चालेल? मी नाईट नसेल तेव्हा. गिरणामाय ताई, तुम्हीही या, एनक्लेक्सलाही तेच लागतं.

गिरणामाय

येते. वही घेऊन बसते.

सातपुडा_सिस्टर

साडेसातला चालेल ताई, पोरगी उठायच्या आधी. पहिल्या दिवशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनपासून सुरू करू या का? बेड नंबर चारला आत्ता तेच चालू आहे.